कात्रणाचं पान

मोठ्या बाईंना लॅबमध्ये कुणी नावानं हाक मारत नसे, आणि त्यांच्या पाठीमागे जे म्हणत ते इथे सांगण्यासारखं नाही. बावीस वर्षं त्या एकाच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर लोकांची जनुकं वाचत होत्या. नमुना कुणाचाही असो, रिपोर्ट बाहेर पडताना शेवटची सही त्यांची. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. एखाद्यानं नळीवर चिठ्ठी तिरकी चिकटवली तरी त्याचा दिवस खराब झालाच म्हणून समजा. हुशार होत्या, यात वाद नाही. पण आपण हुशार आहोत हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

त्यांचं शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवाल्याशी हाडवैर होतं. त्याला त्या शंकासुर म्हणत, आणि तोंडावर म्हणत. मशीननं वाचलेली अक्षरं चाळून, त्यातली चुकीची कुठली ते काढून देणं हे त्याचं काम. हडकुळा, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा, आणि कुठलीही गोष्ट सरळ मान्य न करणारा माणूस. दोघांचं सहा वर्षांपूर्वी फाटलं ते एका नियमावरून, आणि तो नियम बाईंचा होता.

तो नियम कळायला थोडं शास्त्र लागेल, फार नाही. जनुकावरून शरीर एक नक्कल उतरवून घेतं, तिला मेसेंजर आरएनए म्हणतात. त्या नकलेतल्या मधल्या मजकुरावरून प्रथिन तयार होतं. पण मजकुराच्या पुढे एक तुकडा असतो आणि मागे एक शेपूट असते, आणि या दोन्हींचं प्रथिन कधीच होत नाही. म्हणून ते फुकट असतात असं मात्र नाही. माल किती काढायचा, कधी काढायचा, कधी हात आखडता घ्यायचा, नक्कल किती वेळ टिकू द्यायची, हे सगळं तिथून ठरतं. बाईंना हे माहीत नव्हतं थोडंच? पुस्तकात त्यांनीही वाचलं होतं. पण पूर्वी जेव्हा त्या तुकड्यांतले बदलही रिपोर्टमध्ये छापायचे, तेव्हा डॉक्टरांचे दिवसभर फोन यायचे, की याचा अर्थ काय. आणि दहातल्या नऊ वेळा उत्तर एकच, सांगता येत नाही. एकदा तर एका निरुपद्रवी बदलावरून पेशंटच्या नातेवाइकांनी लॅब डोक्यावर घेतली आणि मालकांनी बाईंना सगळ्यांच्या देखत झापलं. बाईंनी तो अपमान गिळला आणि दुसऱ्या दिवशी फर्मान काढलं: रिपोर्टमध्ये फक्त मधला मजकूर. पुढचं-मागचं सगळं कापायचं. पत्रात काय लिहिलंय ते सांगा, पाकीट मला दाखवू नका, असं म्हणाल्या होत्या.

शंकासुर तेव्हा तावातावानं भांडला. तासभर दोघं एकमेकांवर ओरडत होते आणि बाकीचे कान टवकारून काम केल्याचं नाटक करत होते. शेवटी मालकांनी तोडगा काढला. रिपोर्टमधून कापलेलं फेकायचं नाही, प्रत्येक पेशंटमागे त्याचं एक पान छापायचं आणि ते बाईंनी बघून सही करायची. या पानांना लॅबमध्ये कात्रण म्हणत. दर सोमवारी चाळीस-पन्नास कात्रणांचा गठ्ठा बाईंच्या टेबलावर यायचा. पहिले काही महिने त्यांनी इमानेइतबारे वाचला. मग त्या फोनवर बोलता बोलता सह्या करायला लागल्या. शंकासुर महत्त्वाच्या ओळीपुढे लाल खूण करायचा, पण तो इतक्या ठिकाणी लाल खुणा करायचा की बाईंना लाल रंगच दिसेनासा झाला. एकदा तो त्यातल्या एका ओळीबद्दल सांगायला टेबलाशी आला, तर बाईंनी त्याला हाताच्या इशाऱ्यानंच परत पाठवला. जे सांगायचं ते कागदावर, माझं डोकं खायचं नाही. त्यानंतर तो कधीच आला नाही.

आता बाईंच्या घरचं. त्यांना एकच धाकटा भाऊ, लिफ्टचा मिस्त्री. लिफ्टच्या उभ्या विहिरीत शिडीवर चढून तारा, चाकं, ब्रेक तपासायचे, हे त्याचं काम. स्वभावानं गरीब गाय. ताई म्हणेल ती पूर्व दिशा. आई-वडिलांच्या मागे बाईंनीच त्याला शिकवला, नोकरीला लावला, लग्न करून दिलं; आता त्याला एक मुलगी होती. भावजय मात्र तशी नव्हती. ती बसच्या डेपोत तिकिटांच्या तक्रारी घेणाऱ्या खिडकीवर बसायची, आणि दिवसभर लोकांचं ऐकून घेतल्यामुळे घरी आल्यावर कुणाचं ऐकून घेत नसे. नणंद-भावजयीचं पहिल्या दिवसापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य. दोघींच्या मध्ये तो बिचारा कायम हसत बसायचा.

गेल्या वर्षी कंपनीच्या वार्षिक तपासणीत भावाच्या रक्तात फेरिटिन सोळाशे निघालं. फेरिटिन म्हणजे शरीरातलं लोह साठवून ठेवणारं प्रथिन. सोळाशे म्हणजे असायला हवं त्याच्या पाचपट. रक्ताच्या डॉक्टरांना वाटलं, अंगात लोह साठत चाललंय, उद्या हृदय आणि यकृत खराब होईल. त्यांनी लोहाच्या आजारांची सगळी जनुकं तपासायला सांगितली. तपासणी बाईंच्याच लॅबमध्ये, हे वेगळं सांगायला नको.

नमुन्यासोबतचा फॉर्म भावजयीनं भरला होता. घरातले आजार या रकान्यात तिनं लिहिलं होतं, की सासऱ्यांना छत्तिसाव्या वर्षी मोतीबिंदू, त्यांच्या बहिणीला तिशीत, आणि नवऱ्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन चौतिसाव्या वर्षी झालंय. बाईंनी ते वाचलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोहाचा आणि डोळ्यांचा काय संबंध? आमच्या घराण्यात खोट आहे हे चार लोकांना कळावं म्हणून लिहिलंय बयेनं, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी त्या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि वर 'विशेष काही नाही' असं लिहिलं. इतक्यावर थांबल्या असत्या तरी ठीक. संध्याकाळी भावाच्या घरी जाऊन त्यांनी भावजयीला ऐकवलं, की फॉर्म म्हणजे तुझी तक्रारवही नव्हे. भावजय म्हणाली, जे आहे ते लिहिलं, तुमच्या घरात चाळिशीच्या आत डोळे जातात हे मी काही स्वप्नात पाहिलं नाही. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद.

दोन आठवड्यांनी रिपोर्ट निघाला. सगळ्या जनुकांपुढे 'दोष आढळला नाही'. खाली बाईंची वळणदार सही. नमुन्यांवर नाव नसतं, नुसता नंबर असतो, पण बाईंना नंबर माहीत होता आणि त्यांनी भावाचा मजकूर स्वतः दोनदा वाचला होता. अगदी अक्षरन् अक्षर. मधला मजकूर.

डॉक्टर म्हणाले, जनुकात सापडो न सापडो, आकडा वाढलेला आहे तर लोह काढलंच पाहिजे. आणि लोह काढायचा उपाय एकच, रक्त काढणं. दर पंधरा दिवसांनी एक पिशवी. भाऊ इमानदारीत जाऊन बाही वर करायचा. चौथ्या पिशवीनंतर त्याला जिना चढताना दम लागायला लागला. सहाव्या पिशवीनंतर तो जेवता जेवता झोपायचा. हिमोग्लोबिन साडेचौदावरून नऊवर आलं आणि फेरिटिन मात्र जागचं हललं नाही. डॉक्टरांनी पंधरा दिवसांचे तीन आठवडे केले, पण थांबायचं नाव नाही. भावजय म्हणत होती, दुसऱ्या लॅबमध्ये दाखवू. भाऊ ऐकेना. बाईंनाही त्याचा पांढराफटक चेहरा दिसत होता, पण त्या म्हणायच्या, उपचार आहे, त्रास होणारच.

मग एका बुधवारी तो लिफ्टच्या विहिरीत शिडीवरून खाली आला. उतरला नाही, आला. चक्कर येऊन चौथ्या मजल्यावरून घसरला आणि तिसऱ्याच्या कठड्याला पट्टा अडकला म्हणून वाचला. पट्टा अडकला नसता तर पुढची गोष्ट वेगळी सांगावी लागली असती.

शुक्रवारी सकाळी नऊला बाईंचा फोन वाजला. भावजय होती. सहा महिन्यांनी तिचा आवाज ऐकून बाईंच्या कपाळावर आठी पडली. ती म्हणाली, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून बोलतेय, दहाला दहावी पिशवी आहे. पडण्याबद्दल तिनं दोन वाक्यांत सांगितलं, जणू खिडकीवर कुणाची तक्रार वाचून दाखवतेय. काल त्याच्या दुसऱ्या डोळ्याला दिसेना म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. त्या डॉक्टरनं दिवा लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, की घरात कुणाचं फेरिटिन उगाचच जास्त येतं का. म्हणे, असा पावाच्या चुऱ्यासारखा मोतीबिंदू आणि फेरिटिन ही जोडी त्यानं पूर्वी एका घरात पाहिली होती.

"मी फॉर्मवर लिहिलं होतं," भावजय म्हणाली. "तुम्ही वाचलं होतंत ना, ताई?"

बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. कारण ती जोडी त्यांनाही माहीत होती. बावीस वर्षांत प्रत्यक्ष कधी पाहिली नव्हती, पण वाचली होती. फेरिटिन म्हणजे लोह भरून ठेवायचे डबे असं समजा. हे डबे बनवायच्या हुकमाच्या नकलेत, पुढच्या तुकड्यात, एक छोटी घडी असते. अंगात लोह कमी असलं की एक पहारेकरी प्रथिन त्या घडीवर येऊन बसतं आणि डबे बनणं बंद. लोह वाढलं की ते उठतं आणि डबे पुन्हा सुरू. काही घराण्यांत त्या घडीतलं एखादं अक्षर बदललेलं असतं. घडी मोडते, पहारेकऱ्याला बसायला जागाच उरत नाही, आणि डबे बनतच राहतात, बनतच राहतात. रिकामे डबे. तेच डोळ्याच्या भिंगात साचतात आणि तरुणपणी मोतीबिंदू होतो. डॉक्टर डबे मोजतात आणि म्हणतात कोठार भरलंय, उपसा. उपसायला आत काहीच नसतं. माणूस नुसता सुकत जातो.

आणि हे सगळं पुढच्या तुकड्यात. मजकुरात नव्हे, पाकिटावर.

'त्याला सुई लावू देऊ नको' एवढं म्हणायला त्यांना अर्धं मिनिट लागलं असतं. पण मग का, तेही सांगावं लागलं असतं, आणि तेही हिला. बाई म्हणाल्या, बघते, आणि फोन ठेवला. हे त्यांचं सगळ्यात वाईट काम, रेघ मारण्याहूनही वाईट, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या शेजारच्या खोलीत गेल्या. शंकासुरानं मान वर केली नाही. बाईंनी नंबर सांगितला आणि त्याचं कात्रण हवंय म्हणाल्या. तो म्हणाला, कात्रणं तुमच्याकडे असतात, माझ्याकडे नाही. बाई म्हणाल्या, वाद घालायला वेळ नाही. तो म्हणाला, सहा वर्षं नव्हता, आज कुठून येणार. पण त्यानं नंबर टाकला. पडद्यावर पान उघडलं. तीन ओळी होत्या. मधल्या ओळीपुढे लाल खूण, आणि तिच्याखाली त्यानं टाइप केलेलं होतं: फेरिटिनचं जनुक, पुढचा तुकडा, घडीतलं अक्षर बदललेलं, पेशंटचा मोतीबिंदूचा इतिहास विचारावा. तारीख रिपोर्टच्या आदल्या दिवशीची. खाली बाईंची सही.

बाईंनी पडद्यावरच्या आपल्या सहीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, की इतकं महत्त्वाचं होतं तर येऊन सांगता येत नव्हतं का.

"तुम्ही सांगितलं होतंत, कागदावर लिहा. लिहिलं."

"तो माझा भाऊ आहे," बाई म्हणाल्या.

शंकासुरानं आता पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत दया-बिया काही नव्हती. "मला नंबर दिसतो. भाऊ नसता तर तुम्ही आज या खोलीत आला असतात का?"

 त्यानं प्रिंट काढला, बाईंच्या हातात न देता टेबलाच्या कडेला ठेवला आणि परत आपल्या कामाला लागला. बाईंनी तो उचलला आणि जिन्यानं निघाल्या. लिफ्टची वाट पाहायला वेळ नव्हता.

पोचल्या तेव्हा साडेदहा वाजले होते. भाऊ खुर्चीत पडून होता, हात लांब केलेला, सुई आत, आणि खालच्या पिशवीत रक्त अर्ध्यावर आलेलं. कोपर सोलवटलेलं. ताईला पाहून तो हसला. भावजय भिंतीला टेकून उभी होती, ती हसली नाही. बाईंनी नर्सला सुई काढायला सांगितली. नर्स म्हणाली, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मग डॉक्टर आले, आणि बाईंनी त्यांच्यापुढे कागद धरला.

डॉक्टरांनी तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. त्यांनी हातानंच नर्सला थांबायची खूण केली आणि सुई निघाली. पण माणूस भडकला होता. आवाज न चढवता भडकणाऱ्यांतला होता तो, आणि ते जास्त वाईट. म्हणाले, या आजाराची शंका मला पहिल्याच आठवड्यात आली होती. लोहाच्या बाकीच्या तपासण्या नॉर्मल होत्या, म्हणूनच आली. पण तुमच्या रिपोर्टमध्ये ते जनुक तपासलेल्यांच्या यादीत होतं आणि त्यापुढे 'दोष आढळला नाही' असं छापलेलं होतं. फॉर्मवरही घरात विशेष काही नाही. मी ती शक्यता खोडली ती तुमच्या सहीवर. आता तुम्ही दुसरा कागद आणलात. उद्या तिसरा आणाल. मी कुठला धरायचा?

बाई म्हणाल्या, हा धरा. सुधारित रिपोर्ट दुपारपर्यंत पाठवते.

"दुपारी नको. पहिला रिपोर्ट चुकीचा कसा झाला ते इथे, आत्ता, मला लिहून द्या. केसपेपरला लावायचंय. तोंडी मी काही ऐकणार नाही."

त्यांनी खिशातलं पेन काढून पुढे केलं. बाईंनी खुर्चीच्या लाकडी हातावर कागद ठेवून लिहायला सुरुवात केली.  त्यांनी आधी 'तांत्रिक कारणामुळे' असं लिहिलं. भावजय पाठीमागे येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, तांत्रिक म्हणजे काय? बाईंनी ते खोडलं. मग जे झालं होतं ते लिहिलं, सगळं. आपण नियम केला, ते सुद्धा. फॉर्मवर रेघ मारली, ते सुद्धा. लिहून झाल्यावर भावजयीनं कागद ओढून घेतला आणि नवऱ्यासाठी मोठ्यानं वाचला. तिचा आवाज खिडकीवरचाच होता, सपाट.

"'कात्रणाचं पान माझ्याकडे सहीसाठी आलं होतं. मी ते न वाचता सही केली.'" ती थांबली. "किती मोठं असतं हे पान?"

बाई पेनाचं टोपण लावायला लागल्या. तेव्हा तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"तीन ओळी होत्या," बाई म्हणाल्या.

भावजयीनं कागद डॉक्टरांना दिला. आता ही तोंड सोडणार म्हणून बाईंनी स्वतःला सावरून धरलं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडायला बाईंना येत होतं.  पण तिनं नवऱ्याची बाही खाली केली आणि बटण लावलं.

भाऊ हळूहळू उठून बसला. बाईंना वाटलं, हा तरी बोलेल. लहानपणापासून हाच सगळ्यांची समजूत घालत आलाय. ताई, जाऊ दे, होतं माणसाच्या हातून, असं काहीतरी म्हणेल, आणि मग आपल्याला रडता येईल. त्या त्याच्या जवळ गेल्या आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ही मला तीनदा म्हणाली, दुसरीकडे दाखवू," तो म्हणाला. "मीच नाही म्हटलं. म्हटलं, ताईनं स्वतः वाचलंय."

त्यानं ताईचा हात खांद्यावरून काढला. झटकला नाही, उचलून खाली ठेवला. मग बायकोच्या आधारानं उभा राहिला आणि डॉक्टरांना विचारलं, की हे मुलांत उतरतं का. डॉक्टर म्हणाले, अर्धी शक्यता असते, तुमच्या मुलीची तपासणी करून घ्यावी लागेल, डोळ्यांचीही आणि जनुकाचीही. तिचं रक्त मात्र कुणाला असं काढू देऊ नका.

बाई पुढे झाल्या. म्हणाल्या, नमुना आजच आणून द्या, मी सगळं बाजूला ठेवून करते, पुढचा तुकडा, मागचा तुकडा, सगळं स्वतः बघते, सोमवारी तुमच्या हातात रिपोर्ट.

भाऊ दाराशी पोचला होता. आयुष्यात त्यानं ताईला कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि आता ते कसं म्हणायचं हे त्याला कळत नसावं, कारण तो ताईकडे न बघता दाराच्या कडीकडे बघून बोलला.

"पोरीचं तुझ्याकडे नको, ताई," तो म्हणाला.

बाई म्हणाल्या, ठीक आहे, मी चांगल्या लॅबचं नाव लिहून देते. डॉक्टरांचं पेन अजून त्यांच्याच हातात होतं.

"आमच्याकडे आहे नाव," भावजय म्हणाली, आणि तिनं त्याच्यासाठी दार उघडून धरलं.